पट्टीवाल्या भागुजीचं पावणं

डिंभ्याच्या धरणावर कुणी "भागुजी कुठं भेटंल?" असं विचारलं, तर माणसं उलट विचारायची, "कंचा? पट्टीवाला का?" आडनावाचं काम पडायचं नाही. धरणाच्या भिंतीला वरपासून पाण्यात उतरलेली, मीटर-सेंटिमीटर रंगवलेली पट्टी असते. ती रोज सकाळी आठाला वाचायची आणि पाण्याची उंची वहीत लिहायची, एवढंच त्याचं काम. ब्याण्णव सालापासून तेच. आधी रोजंदारीवर, मग कायम. पाऊस कोसळत असो, पोरीला गोवर निघालेला असो, आठ म्हणजे आठ. बाप मेला त्या दिवशीसुद्धा आकडा लिहून मगच तो मयताला आला. त्याची बायको द्रौपदा भांडणात हमखास ते काढायची.

"सासरं दारात आडवं पडल्यालं, आन ह्यो बाबा पट्टी बघाया गेला!"

"बा काय उटून बसनार व्हता?" भागुजी म्हणायचा. "पानी मातुर तेवढ्या येळात दोन बोटं उतारलं."

एकदा त्याला हिवतापानं दोन दिवस पाडलं. बरा होऊन आल्यावर मुकादम म्हणाला, "मागचा आन पुढचा आकडा बघ, मधले दोन अंदाजानं भरून टाक. कोन तपासतंय?" भागुजीनं त्या दोन दिवसांपुढं 'पाहिले नाही' असं लिहिलं आणि वही मिटली. मुकादमानं शिव्या दिल्या. त्याला शिव्या चालायच्या.

ज्या पाण्याची उंची तो मोजायचा, त्याच पाण्याखाली त्याचं घर होतं. जुनं गाव घोड नदीच्या काठाला. वर मारुती, शाळा, मराठ्यांची आळी. खाली ओढा, ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल. आणि पार नदीच्या कडेला बौद्धांची वस्ती. धरण भरायला लागलं तेव्हा वस्ती पहिली बुडाली. उन्हाळ्यात पाणी हटतं तेव्हा ती सगळ्यात शेवटी उघडी पडते. नवं गाव वर माळावर बसलं, तिथंही वरची आळी वेगळी आणि वस्ती वेगळी. भागुजीच्या डोक्यात हे सगळं पट्टीला जोडून बसलेलं. पट्टी एवढी उतरली की शाळेचं जोतं वर येतं, एवढी उतरली की ओढ्याची फरशी, आणि मे महिन्यात अगदी तळाला गेली की त्याच्या घराचं जोतं आणि अर्धी भिंत. दर मेमध्ये तो तिथं जाऊन विडी ओढून यायचा. "घरी जाऊन आलो," म्हणायचा. द्रौपदा कधी गेली नाही. तिला चिखलात जायचा कंटाळा.

दोन हजार पाच साली, दिवाळी होऊन गेल्यावर, धरणाच्या भिंतीवर एक पोरगी आली. गळ्यात दुर्बीण, पायात बूट, पाठीला पिशवी. नाव आरती. नारायणगावच्या द्राक्षवाल्याची लेक, पुण्यात पक्ष्यांचं शिकलेली. तिनं भागुजीपुढं एक चित्र धरलं. काळाभोर उंच पक्षी, पोट पांढरं, चोच आणि पाय लालभडक.

"काका, तुम्ही रोज पाण्यावर असता. हा काळा करकोचा दिसलाय का कुठं?"

भागुजीनं चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "ह्यो न्हाई."

पोरीचं तोंड उतरलं.

"ह्येच्यावानी हाय एक," भागुजी म्हणाला. "पन मळकट. चोच लाल न्हाई, शेवाळल्यावानी हाय. आन पाठीवर कायतरी डकल्यालं हाय. मला वाटलं जळू. पन जळूला तारंची शेपटी कशी आसंल?"

आरती तिथंच भिंतीवर मटकन बसली. "तोच काका! पिल्लू आहे ते. पहिल्या वर्षी चोच लाल नसते. कधी बघितला?"

"मंगळवारी. शाळेच्या जोत्यापाशी. आठ वाजून वीस मिन्टं."

मग तिनं नकाशा काढला. रशियातल्या कुठल्याशा जंगलात हे पिल्लू उन्हाळ्यात अंड्यातून निघालेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी घरट्यात असतानाच त्याच्या पाठीला ते यंत्र बांधलेलं. यंत्र आभाळातल्या उपग्रहाशी बोलतं, उपग्रह तिकडच्या माणसांशी, ती माणसं आरतीशी. नकाशावर लाल ठिपक्यांची रांग होती. वाळवंट, डोंगर, परत वाळवंट आणि मग खाली आपल्याकडं. चार-साडेचार हजार किलोमीटर. आई नाही, बाप नाही, वाट दाखवायला कोणी नाही.

भागुजीला नकाशा नवा होता, पण रोजचा एक ठिपका ही गोष्ट त्याच्या ओळखीची होती. एका जागी नऊ ठिपके एकावर एक होते. त्यानं तिथं बोट ठेवलं.

"हितं का थांबलं?"

"माहीत नाही काका. कुणालाच माहीत नाही."

"दमलं आसंल," भागुजी म्हणाला.

आरतीनं त्याला एक निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. रोज पक्षी कुठं दिसला, किती वाजता, काय खात होता, तेवढं लिहायचं. दर गुरुवारी अकराला ती शिनोलीच्या सावळेरामच्या दुकानातल्या फोनवर फोन करणार. जाताना तिनं यंत्राची एक खुबी सांगितली. "उन्हावर चालतं ते, काका. अंधारात ठेवलं तर झोपतं. ऊन लागलं की परत बोलायला लागतं."

आभाळातला उपग्रह दाखवायचा ती जागा किलोमीटरभर इकडंतिकडं असायची. भागुजीचं तसं नव्हतं. पाणी हटत जातं तशी खड्ड्याखड्ड्यात मासळी अडकते, आणि मासळी अडकेल तिथं करकोचा उतरणार. कोणता खड्डा कधी उघडा पडणार हे पट्टीवरून भागुजीला आठ दिवस आधी कळायचं. "पुढल्या गुरवारी त्ये मारुतीच्या मागच्या खाचंत आसंल बघा," तो फोनवर सांगायचा, आणि ते तिथंच असायचं. आरती हसून म्हणायची, "काका, तुम्हीच उपग्रह व्हा आता."

जानेवारीत तिनं एका पेपरवाल्याला आणलं. दोन दिवसांनी फोटो छापून आला. मागं पाणी, पुढं भागुजी, छातीशी निळी वही. वर मोठ्या अक्षरात 'डिंभ्याच्या पाण्यावर परदेशी पाहुणा'. सावळेरामनं तो कागद दुकानात खळीनं चिकटवला. तेव्हापासून पक्ष्याचं नाव पावणं पडलं. एस्टीत, गिरणीवर, जो भेटेल तो विचारायचा, "काय भागुजी, पावणं काय म्हंत्यात? जेवलं का?" कुणी म्हणायचं, "पट्टीवालं, पावण्याला आंघुळीला पानी तापावलं का न्हाई?"

भागुजी वरवर चिडायचा. आतून त्याला बरं वाटायचं. पन्नाशी उलटून गेली तोवर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पाण्याचा आकडा सोडला तर त्याच्याकडं सांगण्यासारखं काही असतं, हे गावाला ठाऊकच नव्हतं. आता वरच्या आळीतली माणसं त्याला पारावर बस म्हणायची. तो बसायचा, आणि सांगायचा. रशिया, वाळवंट, नऊ दिवसांचा मुक्काम.

त्यात हौशीराम असायचा. हौशीराम जुन्या शाळेतला त्याच्या वर्गातला. वरच्या आळीचा, बागायतदार. पाण्याच्या काठाला त्याची पोल्ट्री होती, पाच हजार पक्ष्यांची. लहानपणी दोघांनी एका डोहात पोहून एकमेकांची चड्डी पळवलेली. मोठेपणी हौशीराम रस्त्यात भेटला की थांबून बोलायचा, पण वस्तीत आला की चहाला "आत्ताच झाला" म्हणायचा. चाळीस वर्षं त्याचा चहा आत्ताच झालेला.

"तुजं पावणं रोज नवीन जागी खातं म्हंतोस," हौशीरामनं एकदा पारावर विचारलं. "मंग उद्याचं तुला आज कसं कळतं रं?"

भागुजीनं सगळं उलगडून सांगितलं. पट्टी, खाच, खड्डा, मासळी. वर बोटावर मोजून दाखवलं. "फेब्रुवारीच्या शेवटाला त्ये फरशीखालच्या डबक्यात. तुज्या पोल्ट्रीच्या खालच्या अंगाला. पाच-सा दिवस हालनार न्हाई तितनं."

"लई हुशार झालास राव," हौशीराम म्हणाला, आणि खरंच कौतुकानं म्हणाला. तेव्हा त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात टीव्हीवर नवापूर आलं. कोंबड्यांना रोग. पांढऱ्या झग्यातली, तोंडाला फडकी बांधलेली माणसं पोत्यात कोंबड्या कोंबत होती, जेसीबीनं खड्डे काढत होती. ज्या भागात रोग सापडेल तिथल्या घराघरातल्या कोंबड्या मारणार, परसातली एकही ठेवणार नाहीत. आणि रोग आणला कुणी, तर टीव्हीवरची बाई म्हणाली, स्थलांतर करून येणारे परदेशी पाहुणे हे कारण असू शकतं.

ती 'असू शकतं' म्हणाली. गावाला 'पाहुणे' तेवढं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर कुणी थट्टा केली नाही. दळणाच्या रांगेतली प्रयागबाई भागुजीला बघून पदर नाकाला लावून सरकली. सावळेरामनं पेपरचा कागद काढून टाकला. भिंतीवर खळीचा चौकोन तेवढा राहिला. पोल्ट्रीच्या गाड्या यायच्या थांबल्या. हौशीरामच्या कोंबड्यांचं विक्रीचं वजन भरून गेलं तरी उचलायला कुणी येईना. त्या खात होत्या, हगत होत्या, एकमेकींवर चढत होत्या. काठानं जाताना त्यांचा गलका ऐकू यायचा.

द्रौपदा म्हणाली, "अवं, त्या पक्ष्याचं लिवनं बंद करा. माज्या तेवीस कोंबड्या हायती. आपल्या पोरीचं, रत्नाचं लगीन तोंडावर हाय. त्ये झगेवालं आलं तर मी काय करू?"

"त्येला रोग न्हाई," भागुजी म्हणाला. "रोग आसता तर चार हजार किलोमीटर आलं आसतं का?"

"मला काय सांगता? टीव्हीला सांगा."

अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमाराला भागुजी फरशीवर गेला. उजाडलं होतं, पाण्यावरनं वाफ निघत होती. वास आधी आला. कांद्याला, उसाला टाकतात त्या थिमेटचा, किडीच्या विषाचा वास. शेतात राबलेल्या माणसाला तो डोळे मिटूनही ओळखू येतो. डबक्याच्या कडेला बोटाएवढे मासे ओळीनं मांडून ठेवलेले, पोटं चिरून काळपट दाणे भरलेले. तीन बगळे पाण्यात पालथे. एक कावळा. आणि फरशीच्या सावलीत पावणं.

जिवंत होतं. एका अंगावर पडून पाय चालवत होतं, उभं राहून चालतात तसे. चोचीतून लाळ गळत होती. पाठीवरची तार मातीत घासून र्र र्र वाजत होती. भागुजी खाली बसला. पाणी पाजावं म्हणून त्यानं ओंजळ भरली, आणि हे पाणीपण तेच आहे हे ध्यानात येऊन सांडली. मान पिरगाळावी तर लगेच सुटका झाली असती. कोंबडीची मान त्यानं जन्मभर पिरगाळलेली. इथं हात पुढं जाईना. बसून राहिला. पावण्याचे पाय हळू झाले, थांबले, परत चालले, परत थांबले. डोळ्यावर पांढरा पडदा आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

मग त्याला पट्टी आठवली. पळत भिंतीवर पोचला तेव्हा साडेनऊ वाजले होते. आकडा वाचला. वहीत वेळेच्या रकान्यात त्यानं लिहिलं, आठ. ते त्याचं पहिलं खोटं. बाप मेला त्या दिवशीही जे लिहावं लागलं नव्हतं ते.

परत फरशीवर आला तर वर दगडावर हौशीराम बसलेला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. खाली उतरायला तयार नव्हता.

"मेलं का?" त्यानं वरूनच विचारलं.

"मेलं."

"मासं म्या मांडलं," हौशीराम म्हणाला. "तुज्यापासनं काय लपवू? जागा तूच सांगितली व्हतीस."

भागुजी पक्ष्यापाशी खाली बसला.

"डिझल आनलंय. जाळून टाक."

"तूच खाली ये आन जाळ."

"रोग आसंल त्येला."

"त्येला रोग न्हवता, हौशा. त्येला तू व्हतास."

 हौशीरामनं उपरणं खाली घेतलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "आयक. त्या पोरीला तू सांगनार. ती म्हननार, परदेशी पक्षी मेला. मंग साहेब येत्याल. थिमेट म्हनून कोन मानंल? सॅम्पल भोपाळच्या लॅबला जाईल. रिपोट येईस्तवर थांबत्यात का त्ये? माज्या पाच हजार जात्याल त्या जाऊ दे. वस्तीतल्या जात्याल. तुज्या द्रौपदाच्या जात्याल. धाब्यावर चढून लोक तुज्याच नावानं शिव्या देत्याल, का ह्येनंच पावणं आनलं. मला कोन काय म्हननार न्हाई. तुला म्हनत्याल. त्ये तुला बी ठावं हाय."

ते खरं होतं. म्हणूनच भागुजीला त्याचा जास्त राग आला.

त्यानं पक्ष्याच्या पाठीवरचे पट्टे कापून यंत्र काढलं. काड्यापेटीहून थोडं मोठं, वर काळी काच. खाली तिकडच्या लिपीत काही कोरलेलं, पत्ता असावा. त्यानं ते डोक्याच्या टॉवेलात घट्ट गुंडाळलं, अंधार पडेल असं. पक्षी जाळला नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला गुडघाभर खड्डा काढून पुरला आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड रचले. बगळे, कावळा आणि विषाचे मासे दुसऱ्या खड्ड्यात. हौशीराम वरून बघत होता. शेवटी म्हणाला, "हात धू नीट." ते मात्र त्यानं जुन्या ओळखीनं म्हटलं.

गुरुवारी अकराला सावळेरामच्या दुकानात फोन वाजला. सावळेराम गिऱ्हाईक सोडून ऐकत उभा राहिला.

"काका, सिग्नल दोन दिवस झाले नाही. पाहुणे दिसले का?"

"गेलं बाई."

"गेलं म्हणजे?"

"उडून. उत्तरंला." भागुजीनं फोनची तार बोटाला गुंडाळली. "मंगळवारी सकाळी. आठ वाजता."

"एवढ्या लवकर? मार्चच्या मध्यापर्यंत निघत नाहीत हो."

"औंदा पानी लवकर हाटलं."

तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही बघितलंय म्हणजे गेलाच असेल. यंत्र बिघडलं असेल. मी तिकडं तसं कळवते. काका, तुम्ही नसता तर हे कामच झालं नसतं."

त्यानं घरी येऊन निळ्या वहीत लिहिलं, 'उत्तरेला गेले.' अक्षर नेहमीसारखंच आलं.  

एवढं करून हौशीरामच्या कोंबड्या वाचल्या असत्या तरी काही म्हणता आलं असतं. झगेवाले आले नाहीत, रोग आला नाही, आणि गाडीही आली नाही. खाद्य संपलं. वीस दिवसांनी हौशीरामनंच जेसीबी बोलावला आणि पाच हजार कोंबड्या जिवंत खड्ड्यात लोटल्या. माती टाकली तरी दुपारपर्यंत जमीन हलत होती. त्यानंतर त्यानं शेडमध्ये कांदा भरला.

रत्नाच्या लग्नाला, एप्रिलात, हौशीराम वस्तीत आला. मांडवात पंगतीला बसला, भात-आमटी खाल्ली, बुंदी मागून घेतली, वर दोन घोट चहाही घेतला. वस्तीतली म्हातारी माणसं बघत राहिली. कुशाबा म्हातारा भागुजीच्या कानाशी लागून म्हणाला, "काळ बदलला रं भागू. वरच्या आळीचा मानूस आपल्या पंगतीत जेवला."

भागुजी म्हणाला, "व्हय." हौशीराम कशाच्या भीतीनं जेवतोय हे त्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं.

यंत्र पत्र्याच्या पेटीत तळाशी होतं, टॉवेलात. द्रौपदा म्हणायची, "त्ये धरणात फेका, न्हाईतर मी फेकते." त्यानं फेकलं नाही. कुणी एकानं रशियात झाडावर चढून ते पिल्लाच्या पाठीला बांधलेलं. फेकायचं म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. मे महिन्यात पाणी तळाला गेलं, त्याचं जुनं जोतं उघडं पडलं, तेव्हा तो ते घेऊन घरी गेला. उभ्या राहिलेल्या अर्ध्या भिंतीत आईचा दिवा ठेवायचा कोनाडा होता. खताच्या पिशवीत बांधून त्यानं यंत्र कोनाड्यात सारलं, वर दगड लावला, गाळानं लिंपलं. जुलैत पाणी चढलं. पट्टी वाचताना रोज त्याला कळायचं, की आज कोनाड्यावर किती मीटर पाणी आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आरतीनं विचारलं, "काका, आला का?" भागुजी म्हणाला, "न्हाई." ते खरं होतं, म्हणून ते म्हणताना त्याला जास्त जड गेलं. तिच्या समाधानासाठी तो महिनाभर रोज पाण्याच्या कडेनं हिंडला. नसलेल्या पक्ष्याला शोधत.

दोन हजार सातच्या जूनअखेर त्याची नोकरी संपणार होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो पट्टी वाचून उतरत होता. कपिलनं, त्याच्या पोरानं, पुण्याहून पाठवलेला मोबाईल खिशात होता. तो वाजला.

"काका! काका, बसलाय का? बसा आधी." आरतीचा आवाज चिरकत होता. "सिग्नल आलाय! चौदा महिन्यांनी! आपलं यंत्र, तोच नंबर! काका, तो गेलाच नसेल. तरुण पक्षी कधी कधी दोन-दोन वर्षं परत जात नाहीत, इकडंच कुठं राहिला असेल. तिकडं सगळे नाचतायत. ऐकताय ना?"

"आयकतोय."

"तिसरा दिवस आहे, एकाच जागी बसलाय. जुन्या गावाच्या खालच्या बाजूला. बरा असेल ना हो? मी निघालेय, दुपारपर्यंत पोचते. तुम्ही जाऊन लांबूनच बघा. जवळ जाऊ नका, बिथरेल."

भागुजी घरी जाऊन निळी वही घेऊन निघाला. दोन तास उतरला, शाळेचं जोतं, ओढा, फरशी, दगडांचा ढीग. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. त्याची अर्धी भिंत पावसाळ्याच्या पाण्यानं खचून पडली होती. पिशवी फाटून काटकीला अडकलेली. यंत्र जोत्यावर गाळात निम्मं रुतलेलं, तार वर, काळी काच बरोबर आभाळाकडं. ऊन मी म्हणत होतं.

त्यानं तळहात काचेवर ठेवला. एवढंच करायचं होतं. हात तसाच ठेवून, खिशात घालून, पाण्यात फेकून द्यायचं. ती आली की म्हणायचं, आत्ताच उडालं बाई, उत्तरेला. तिनं मानलं असतं. तिनं त्याचं सगळंच मानलं असतं.

त्यानं हात काढला. यंत्र पुसलं आणि जोत्याच्या दगडावर उन्हात ठेवलं. वही उघडली. 'उत्तरेला गेले' या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं:

'ता. २८ फेब्रुवारी २००६. फरशीखाली. थिमेट खाऊन मेले. जागा मी सांगितली होती. त्या दिवशी पट्टी साडेनवाला पाहिली, आठला नाही.'

हौशीरामचं नाव लिहायचं का, यावर तो बराच वेळ अडला. पेन टोचत राहिला. मग लिहिलं. हे उद्या वरच्या आळीत कळणार, परवा वस्तीत. झगेवाले येणार नव्हते आता, पण बाकी सगळं हौशीराम म्हणाला होता तसंच होणार होतं. लोक हौशीरामला विचारणार नव्हते. पट्टीवाल्याला विचारणार होते.

वही मांडीवर उघडी ठेवून तो आपल्या घरात बसला. विडी काढली, पेटवली नाही.

दुपार कलताना वरच्या उताराला आरती दिसली. ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून तिनं एक हात कपाळाशी धरला होता, दुसऱ्या हातात दुर्बीण. तिनं भागुजीला बघितलं, तोंडावर बोट ठेवून गप राहायची खूण केली. मग बूट काढले, हातात घेतले, आणि वाळल्या गाळावरून कमरेत वाकून, एक एक पाऊल दबकत टाकत, आवाज न करता खाली यायला लागली. पावणं बिथरू नये म्हणून.